ऐकलेले : एकतीस

रात्रपाळीत औषधांच्या दुकानाची
एकच खिडकी उघडी असते, हात मावेल एवढी.
तापाच्या गोळ्या, बाळाची पावडर,
कधी नुसतीच वेळ विचारणारा दारुडा.
तीन ते पाच कुणी फिरकत नाही.
तेव्हा मी कानात बोंडं घालते
आणि ज्यांना कुणी ऐकत नाही त्यांना ऐकते.

एका लिंकवरून दुसरीवर,
मांजर जाते तशी, कौलाकौलावरून.
रेसिफेमध्ये कुणी टेबलफॅनची पाती वाजवतं.
औलूमधल्या दोघी बहिणी
बर्फाखालच्या नदीला ठेका धरायला लावतात.
नावं धड नसतात. असली तर अशी :
‘ओला पुठ्ठा’, ‘शून्य मावशी’, ‘तीन तीन तीन’.
आणि प्रत्येकापाशी एक चौकोनी चित्र,
ज्यावर अंगठा टेकल्याशिवाय काही वाजत नाही.
खरं सांगायचं तर
मी आधी चित्रांसाठीच थांबायचे.

त्या रात्रीचं दोनच रंगांत होतं.
नारिंगी इमारत, तिच्यावर निळ्यात तीच इमारत,
केसभर सरकलेली,
छापताना कुणी शिंकावं तशी.
मधल्या फटीत कोरा कागद दिसत होता.
सहा मिनिटं चाळीस सेकंद.
ऐकलेले : एकतीस.

आधी नुसती घरघर.
मग एक नाणं पडलं.
मी गल्ल्याकडे पाहिलं. गल्ला बंद.
पुन्हा पडलं,
आणि मागोमाग पत्र्याचा तो सुस्कारा.

ग्लदानीत वाढलेल्या कुणालाही विचारा.
आमच्याकडे लिफ्ट फुकट चढत नाही.
डबीत नाणं टाकायचं,
मग ती विचार करते, मग हलते.
आई बाजारातून आली की
किल्लीच्या आधी नाणं शोधायची.
शेजारचे जुंबेरकाका नाण्याला दोरा बांधून
टाकायचे आणि ओढून घ्यायचे,
आणि अकराव्यापर्यंत दर मजल्याला एकदा
छातीवर क्रूस काढून माफी मागायचे.

म्हणजे हा आवाज इथलाच.
पण आमच्या लिफ्टचा नव्हे.
आमची सातव्यावर खोकते.
ही सातव्यावर गात होती :
एकच लांब सूर, खर्जाच्याही किंचित खाली,
आणि त्याच्यावर त्या कुणीतरी
(पोरगा? बाई? निवृत्त मास्तर?)
फक्त एक ठोका ठेवला होता, तोही अलगद,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण टाकतात तसा.

दुसऱ्या रात्री आकडा बत्तीस झाला होता.
तो एक म्हणजे मीच.

रविवारी नोट मोडून खिसाभर नाणी घेतली.
चाळीस नंबरची इमारत. एक्केचाळीस.
बेचाळीसची बंद, दाराला खुर्ची लावलेली.
त्रेचाळीसमध्ये एका मुलाने विचारलं,
‘काकू, तुम्ही सरकारी आहात?’
चव्वेचाळीसची कण्हते, पण भलत्याच मजल्यावर.
पंचेचाळीसला आता कार्ड लागतं.
नवी आहे, आरसा आहे, मुकी आहे.
शेहेचाळीसमध्ये मी स्वतःवरच चिडले.
नाण्यांचं ओझं निम्मं झालं होतं,
उद्याची पाळी होती, भूक लागली होती,
आणि एक सूर शोधत बाई वर-खाली करतेय
हे कुणाला समजावून सांगणार?

सत्तेचाळीस.
दिवा गेलेला. नाणं टाकलं.
घरघर. चार. पाच.
सहाव्यावर दार उघडलं आणि समोर
एक म्हातारी, हातात कचऱ्याची बादली.

‘वर की खाली?’
‘कुठेच नाही,’ मी म्हणाले. ‘ऐकतेय.’

तिने मला नखशिखान्त न्याहाळलं,
बाजारात टरबूज न्याहाळतात तसं.
मग म्हणाली, ‘एकटीच जा.
वजन वाढलं की तिचा घसा बसतो.’
आणि वळून जिन्याने उतरू लागली,
सहा मजले, बादलीसकट.

कडीवर घट्ट धरलेला तिचा अंगठा तेवढा दिसला.
नखात काहीतरी निळं होतं.
तुतीचे दिवस होते,
तुतीचंही असेल.

दार लागलं.
सातवा यायला अजून चार सेकंद होते.