पाठ

भरमू उचगावकर पुढं, मी मागं,
अकरा मोसम.
त्याचा चेहरा कसा, विचारलंत तर सांगता येणार नाही,
खरं पाठ सांगतो:
डाव्या खांद्यावर उसवलेला शर्ट,
तीनचा आकडा आईनं परकराच्या किनारीचा शिवलेला,
मानेखाली घामाचा नकाशा,
कुठल्याच सरकारचा नसलेला.

पहिली स्टिक जांभळाची.
खानापूरच्या मामाकडची वाकडी फांदी,
बंबावर शेकून आणखी वाकवलेली,
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
दुसरी तुतीची, उद्यमबागेतल्या पहिल्या पगारातली.
फाउंड्रीत तो साचे भरायचा.
काळ्या वाळूचे हात घेऊन पाचाला टिळकवाडीत,
सायकल आडवी टाकून थेट लाल मातीत.

फुलबॅकनं काय करायचं असतं?
काही होऊ द्यायचं नसतं.
आणि जे झालंच नाही
ते पेपरवाले कुठल्या रकान्यात छापणार?

राइट हाफ ईरण्णाला ओरडायचा, "हिडी, हिडी!"
मला, "पुढं येऊ नकोस बे!"
घाईतही भाषा चुकली नाही कधी.
चेंडूला जे म्हणायचा
ते मात्र दोन्हींत बसत नव्हतं.

पेनल्टी कॉर्नरला चेंडू निघाला
की गोलरेषेवरून पहिला धावायचा तोच,
मारणाऱ्याच्या अंगावर थेट,
उसने पैसे मागायला निघाल्यासारखा.
नडगीवर चेंडू बसल्याचा आवाज
ओला नारळ फुटल्यासारखा.
करंगळी दोनदा मोडली.
दुसऱ्यांदा हाडवैद्यानं वाकडीच बसवली,
तर हा म्हणतो, आता स्टिकला बरोबर बसते.

फायनलच्या दिवशी बंद होता.
हुबळीचा रेल्वेचा संघ मालगाडीत गार्डच्या डब्यातून आला.
बाहेर टायर जळत होते,
आत आम्ही बावीसजण
एका चेंडूवरून भांडत होतो.
शेवटचं मिनिट. बाहेर जाणारा फटका.
भरमूनं स्टिक घातली, नसती घातली तरी चाललं असतं,
आणि चेंडू वळून माझ्या उजवीकडून आत.
हॉकीत असा गोल मारणाऱ्याच्याच नावावर.
म्हणजे तिथंही ह्याचं नाव नाही.
त्या वेळी तो वळला असणार माझ्याकडं.
मी जाळीतून चेंडू काढत होतो.

बंगळूरला चाचणी झाली ती हिरव्या गालिच्यावर.
मातीतला चेंडू विचारून येतो,
हा न विचारता घरात.
खिळ्यांचे बूट चालत नाहीत म्हणाले,
मग कुणाचे तरी कॅनव्हासचे, एक नंबर लहान.
रात्रीच्या गाडीत अंगठ्यांची नखं काळी.
"चांगलं हाय ते. खरं आपलं नव्हं,"
एवढंच बोलला आणि वरच्या बर्थवर
भिंतीकडं तोंड करून झोपला.
तिथंही मला पाठच.

मग फाउंड्री बंद, माझी बदली, गुडघे,
मध्ये सत्तावीस वर्षं.

गेल्या माघात कडोलीत लग्न.
समोरच्या पंगतीत एक म्हातारा, टोपी, पांढऱ्या मिशा,
माझ्याकडं बघून हसला.
ओळख नसताना हसतात तसा मीही हसलो
आणि मांड्याचा तुकडा मोडला.
मग तो जेवून उठला. हात धुवायला वळला.

डावा खांदा बोटभर खाली.
वजन दोन्ही पायांवर सारखं.
शर्ट नवा होता, तरी.

तेवढ्यात मठ्ठ्याची बादली घेऊन एक पोरगं
पंगतीच्या बोळातून भरधाव,
थेट त्याच्या कमरेवर.
हातातला घास तसाच ठेवून मी ओरडलो,
"सोड भरमू, माझा हाय!"

मागं न बघता
तो एक पाऊल उजवीकडं झाला.