अंदाजे वजन

सप्टेंबरातला एक आठवडा हे शहर स्वतःचं नसतं.
फर्स्ट अव्हेन्यू बंद. बेचाळिसावा रस्ता बंद.
नाक्यानाक्यावर आडवे लावलेले
महापालिकेचे कचऱ्याचे ट्रक, पोटात वाळू भरून,
कुणी गाडी घुसवू नये म्हणून.

सगुणाबाई खंदारे, अकोला,
विमानतळापासून गप्प होत्या, त्या इथे हसल्या.
"आमच्याच गाड्या उभ्या केल्या का हो
राजा-प्रधानाच्या राखणीले?"

मी त्यांची दुभाषी. मूळची डोंबिवलीची,
एकोणीस वर्षं एल्महर्स्टची.
एरवी इस्पितळात विचारते, कुठे दुखतं,
किती दिवसांपासून, एक ते दहामध्ये किती.

मोठ्या इमारतीचा पास आमच्याकडे नव्हता.
आमचा पिवळा, फक्त समोरच्या रस्त्यावरच्या
चर्चच्या तळघरापुरता,
फक्त मंगळवारपुरता.
साठ खुर्च्या, तेवीस माणसं,
त्यातली अकरा पुढच्या सत्राचे वक्ते,
आपापली भाषणं गुडघ्यावर घेऊन पुटपुटणारी.

वेळ दोन मिनिटं, भाषांतरासकट.
म्हणजे एक त्यांचं, एक माझं.

संस्थेनं लिहून दिलेला कागद
त्यांनी घडी करून ब्लाउजात ठेवला.
टेबलावरचा अहवालांचा गठ्ठा उचलला,
तळहातावर जरा खालीवर केला.
"पावणेदोन किलो. आमच्याकडं आठ रुपयानं जाते."
मी सांगितलं. लोक हसले.
दोघांनी फोन वर धरले.

मग त्या म्हणाल्या, तेवीस वर्षं आम्ही त्या डेपोत
हातानं वेगळं केलं, काच, पत्रा, केस, हाडं,
आता ठेका दिला, भिंत घातली, गेटाले कुलूप लावलं.
"ते कुलूप कचऱ्यासाठी हाय का आमच्यासाठी,
एवढं कोणी सांगा."

दिवा लाल झाला होता.
सूत्रसंचालक माझ्याकडे बघून
मनगटावर बोट आपटत होती.
मी इंग्रजीत म्हणाले,
त्या सर्वसमावेशक प्रवेशाची मागणी करतात.
टाळ्या झाल्या. नीट, मोजून झाल्या.

संध्याकाळी सेकंड अव्हेन्यूवर आम्हाला अडवलं.
कुठला तरी ताफा जायचा होता.
आमच्या शेजारी एक चिनी म्हातारी,
हातगाडीवर तिच्याहून उंच दोन पिशव्या, रिकाम्या कॅनच्या.
पलीकडच्या फुटपाथवर तिचं मशीन,
सात वाजता बंद होणारं.
सात वाजायला बारा मिनिटं.

सगुणाबाईंनी न विचारता पिशवी खालून उचलली,
ओठ हलवले, तिला चार बोटं दाखवली,
मग एक अर्धं.
म्हातारीनं मान हलवली,
पाच बोटं दाखवली.
घासाघीस चालली होती बहुतेक.
माझी कुणालाच गरज नव्हती.

काळ्या गाड्या सुरू झाल्या.
सगुणाबाई मोजत होत्या, एकतीस, बत्तीस,
आणि मोजता मोजताच, माझ्याकडे न बघता,
"सकाळी तुमचं इंग्रजी लय आखूड पडलं, बाई.
माह्या बोलण्याहून आखूड."

मी काय बोलणार?
लोखंडी कठड्यापलीकडे एक तरुण पोलीस होता, कानात वायर.
मी त्यालाच सांगितलं सगळं,
काच, पत्रा, केस, हाडं, भिंत,
आणि शेवटी तो प्रश्न, जसाच्या तसा,
कुलूप कचऱ्यासाठी आहे की आमच्यासाठी.

त्यानं ऐकलं. खरंच ऐकलं असावं,
कारण वायर काढली कानातली.
म्हणाला, "मॅडम, मी स्टेटन आयलंडचा.
इथे फक्त या आठवड्यापुरता आहे."

"काय म्हणते तो?" सगुणाबाईंनी विचारलं.
मी सांगितलं, पूर्ण.
"आपल्यासारखाच," म्हणाल्या,
आणि हातगाडीचा एक दांडा धरून उभ्या राहिल्या.
सातला चार कमी.
बेचाळीस, त्रेचाळीस.