डावी बाही

भोसरी एमआयडीसीत, जे ब्लॉकच्या टोकाला,
गिअर कापणाऱ्या शेडच्या भिंतीला टेकून माझं दुकान.
पाटीवरच्या बॉयलर सूटमधला 'ल' गळून पडलाय.
कोणी विचारत नाही.

तिथे ती आली, कल्याणीनगरहून, अन्विता नाव.
पिशवीतून कोट काढून टेबलावर पसरला
देवापुढे लग्नपत्रिका ठेवावी तसा.
"जुन्या बाजारात मिळाला, साडेतीनशेला.
असेच पन्नास हवेत."

खाकी ड्रिल. तिहेरी शिलाई.
कॉलरच्या आत माझी खूण, निळ्या दोऱ्याचे दोन टाके.
खिशावर लाल दोऱ्यात: द. ल. कुदळे.
मी चष्मा पुसला. मग परत पुसला.

ती बोलत होती. आता हेच चालतं, काका,
कारखान्यातले कोट, डोंगर चढायचे बूट,
लिफ्टशिवाय जे कुठे चढत नाहीत तेही घालतात.
पेन्सिलीचा खिसा हवाच. हातोडीची पट्टीही.
"हातोडी कोण अडकवणार?"
"कोणी नाही. पट्टी दिसली पाहिजे."

मग तिने डावी बाही उचलली,
कोपरापाशीच संपणारी.
"आणि हे! हे खरं डिझाइन.
एक बाही पूर्ण, एक अर्धी. कोणाला सुचलं असेल?"

लेथला सुचलं, बाई.
लेथवर डावा हात चकाजवळ असतो.
एक्क्याण्णव साल असेल, दुसरी पाळी.
चकाने कफ धरला,
कुदळेने पाय रोवून अंग मागे फेकलं.
बाही गेली, हात राहिला.
सकाळी आला तेव्हा तेलात भिजलेली चिंधी मुठीत.
म्हणाला, जोडू नकोस. काप आणि दुमड.
कंपनीचा नवा कोट जूनशिवाय मिळणार नव्हता.
मी दीड रुपया घेतला.
घ्यायला नको होता.

यातलं काही सांगितलं नाही तिला. का, ते माहीत नाही.
म्हणालो, अर्ध्या बाहीचे पैसे कमी होणार नाहीत,
दुमड जास्त जाते.
ती हसली. नावही तसंच भरून हवं होतं तिला,
पन्नासही खिशांवर.
म्हटलं, लाल दोरा संपलाय.
लाल रीळ समोर मशीनवरच होतं.

कुदळेला जाऊन सहा वर्षं झाली.
सुनेने कोट बोहारणीला दिला असेल,
एखाद्या कढईवर, घासाघीस करून.
बरोबरच केलं. माळ्यावर झुरळांसाठी ठेवायचा का?

पन्नास शिवले.
एकाला मी दोन्ही बाह्या पूर्ण लावल्या,
हाताची सवय.
तो परत आला, दोष म्हणून.
आता मीच घालतो. थंडीत बरा पडतो.

नंतर तिने फोटो पाठवला:
काचेमागे टांगलेले कोट, खाली आकडा.
मी शून्यं मोजली.
मग मशीनला तेल दिलं.

परवा कर्वे रोडला, रसवंतीवर,
दोन पोरं उभी. एकाच्या अंगात माझी शिलाई.
मशीनला रेलून गप्पा मारत होता,
ऊस आत जात होता, घुंगरं वाजत होती,
आणि त्याची बाही रोळांपासून वीतभर, सैल.

"अरे, बाही!"

एवढ्या जोरात ओरडलो
की रसवाल्याने मशीनच बंद केलं.
घुंगरं थांबली. बाकावरची माणसं वळली.
पोराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे,
आणि डाव्या कोपरावरची कड ओढली खाली.
"इतकीच आहे काका," म्हणाला. "डिझाइन आहे ते."

माहीत आहे, म्हटलं.
ती नव्हे.
दुसरी.