घोडीला पंधरा

त्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले
आणि आमच्या युटामधल्या तांबड्या कड्यांना
टेक्सास म्हणायला लागले.
आम्ही काही बोललो नाही.
पुरुषाला दिवसाला दहा डॉलर होते,
बाईला सात,
घोड्याला पंधरा.
मी आणि माझी घोडी, दोघी गेलो.
घर तिच्यावर चाललं.

मला दारात उभं केलं.
दार होतं, घर नव्हतं.
मागे दोन टेकू, आणि सँडविच खाणारा सुतार.
दिग्दर्शक म्हणाला, आर्व्हिला, तो चाललाय. तू बघ.
कोण चाललाय, मी विचारलं.
जो जातो तो, म्हणाला.
एप्रन उडू दे. हात कपाळाशी धर.
क्षितिजाकडे बघ.

क्षितिज माझ्या ओळखीचं.
नवरा गेल्यापासून नऊ वर्षं
त्याच बाजूला काटेरी तार ओढत होते.
तळहातावर तिच्या खुणा होत्या,
मेकअपच्या पोरीने त्यांवर पावडर थापली.

झेल्फा ऑर्टन शाळेत भूमिती शिकवायची.
तिला लाल साटिन नेसवलं.
लाल साटिनमधली बाई नायकावर जीव टाकते
आणि त्याच्यावर झाडलेली गोळी स्वतः खाते,
हे आधीच ठरलेलं.
मरता मरता तिने विचारलं,
गोळी त्या कोनातून इथे येईलच कशी?
तेवढं कापलं.

लूसी हॉटेलच्या चादरी धुवायची.
तिची पायूट माणसं या कड्यांखाली
कड्यांना इंग्रजी नावं पडायच्या आधीपासून राहत आलेली.
तिला अपाची केलं,
तिच्या वेण्यांवर दुसऱ्या वेण्या चढवल्या,
आणि म्हणाले, तुमच्या भाषेत बोल काहीतरी, गंभीर.
ती बोलली. खूप गंभीर.
पडद्यावर दुभाषा सांगतो,
ती म्हणते, गोरा माणूस शूर आहे.
ती म्हणाली होती,
हॉटेलकडे अकरा चादरींचे पैसे राहिलेत.

मग एक दिवस माझ्या हातात बंदूक दिली.
सवयीने मी आधी उघडून बघितली, रिकामी आहे ना.
दस्ता खांद्यात रुतवला, श्वास सोडला.
कट!
असं नाही. तुला बंदूक येत नाही,
तू भितेस, नळी थरथरू दे.
बोट घोड्यापर्यंत पोचायच्या आत
तो खिडकीतून उडी घेईल.
थरथरवली. चौदा वेळा.
माझ्या हातून मेलेले खुळखुळे साप,
पिसाळलेला एक कोल्हा,
सगळे कुंपणावर बसून हसत होते.
पाय मोडलेलं एक शिंगरू होतं,
ते तेवढं हसलं नाही.

हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा लागला.
अकरा सेकंद मी. मोजले.
दार, एप्रन, कपाळाशी हात,
आणि कॅमेरा त्याच्यासोबत निघून गेला.
मागे राहिलेल्या बाईने पुढे काय केलं
ते कॅमेऱ्याला माहीत नाही.
मला आहे.
ती मागे वळली, सुताराचा हातोडा मागितला,
कारण वरची बिजागरी सैल होती
आणि दोन दिवस मला ते बघवत नव्हतं.

ते गेले तेव्हा गाव इथेच टाकून गेले,
बँक, सलून, फाशीचा खांब, सगळं पुठ्ठ्याचं.
दार तेवढं खऱ्या पाइनचं होतं.
घोडीच्या गाडीवर घालून आणलं,
गोठ्याला लावलं.
आता त्यातून वासरं ये-जा करतात.
कुणी त्यात उभं राहत नाही.