हेल

तळमजला.
हा एक शब्द मी सत्तावीस वेळा म्हटला
अंधेरीच्या स्टुडिओत, कानांवर हेडफोन घट्ट लावून.
काचेपलीकडून अभ्यंकरबाई म्हणायच्या, छान. फक्त ळ.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
आमच्या ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात जीभ एवढी मागे जात नाही.
पानी पानीच, डोले डोलेच, मासली मासली,
त्यावाचून कुणाची भूक अडलेली नाही.
अठ्ठाविसाव्याला ळ उतरला. चेक मिळाला.

आता वरळीच्या टॉवरमध्ये
माझा आवाज चोपन्न मजले वरखाली करतो.
दार उघडत आहे, म्हणतो,
आहे मधला ह जराही न गिळता.

लॉबी राखाडी. भिंत राखाडी, फरशी राखाडी,
कुंडीतलं झाडही राखाडीकडे झुकलेलं,
आणि मधोमध एकच केशरी खुर्ची.
डिझायनरबाई तिला ॲक्सेंट म्हणतात.
मला वाटायचं, ॲक्सेंट म्हणजे
माझ्याकडून काढून घेतलं ते.
इथे तोच पैसे मोजून आणून ठेवलाय.
बसायचं नाही हां मॅडम, वॉचमन म्हणाला,
ती बघायची आहे.

बाबा पाट्या रंगवायचे.
खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, हिराजी पेंटर.
पण नाव वाचायची गरज नसायची,
लोक अनुस्वारावरून ओळखायचे:
गोल नाही, माशी उडायच्या बेतात असावी तसा
किंचित उजवीकडे कललेला.
टिंब द्यायच्या आधी ते श्वास धरायचे.
ब्रश हवेत. आम्ही पोरंही गप्प.
एकदा एक टिंब राहून गेलं,
चेंबूरला आठवडाभर 'चदन भांडार' उघडं होतं.
मालकाने पाच रुपये कापले.
आई तो हिशेब अजून काढते.

धाकटा जयेंद्र बेंजो पार्टीत ताशा वाजवतो.
सम कुठे, विचारलं तर सांगता येत नाही.
खांदा बघ, म्हणतो,
ठोका नंतरचा.

आई त्याच टॉवरला पापलेट देते, सव्विसाव्यावर.
सामानाच्या लिफ्टने.
ती लिफ्ट मुकी आहे.
दोन वर्षं मी भिंतीच्या एका बाजूला बोलत होते
आणि दुसऱ्या बाजूला आई पाटी सांभाळत
वर जात होती, खाली येत होती.

गेल्या शुक्रवारी सामानाची लिफ्ट बंद पडली.
वॉचमनने इकडेतिकडे पाहिलं
आणि तिला पाटीसकट मोठ्या लिफ्टमध्ये घातलं.
चारी बाजूंना आरसे, त्यांत हिरवं लुगडं,
अबोलीचा गजरा, आणि बर्फाचं पाणी
टप टप त्या फरशीवर.

रात्री जेवताना म्हणाली, तुजा आवाज आयकला.
मी विचारलं, ओळखलास कसा?
मी तर सगळं धुऊन दिलं होतं.
ती काटा काढत होती. बोटं थांबली.
"त बोलतेस, मंग जराशी थांबतेस,
होरीतून उतरताना पाय टाकाच्या आधी थांबतांव तशी.
मंग पुढचा बोलतेस."

मी भात कालवत राहिले.
तिने काटा ताटाच्या कडेला ठेवला.
"आनि ती केशरी खुर्ची," म्हणाली,
"लिफ्ट येईपर्यंत बसली मी तिच्यावर."
आणि वॉचमन?
"तो बोलला, मावशी, दोनच मिंटं."
मग बराच वेळाने, पाणी पिऊन:
"नरम हाय. पन पाठ टेकत नाय."