सांध

निनावे कूलरवाल्यांनी तीन तुकडे आणून दिले
पेनड्राइव्हमध्ये, सोबत दोन समोसे.
पहिल्यात पंखा, बारा चौकटी.
दुसऱ्यात गवताच्या ताटीवरून ओघळणारं पाणी, नऊच.
तिसऱ्यात त्यांची मुलगी, डोळे मिटलेली,
केस उडताहेत. पंधरा.
"जोडून द्या परातेबाई, मोबाइलवर फिरवायचंय.
एप्रिल लागला की लोक दुकान शोधून रायतात."

लावले एकामागे एक.
पंखा, धाडकन पाणी, धाडकन मुलगी.
"हे काहून असं झटके देऊन रायलं?
इतवारीच्या गल्लीतून ऑटो गेल्यावानी."
मी म्हटलं, संध्याकाळी या.

गोळीबार चौकातलं माझं दुकान दहा बाय बाराचं.
बाहेर शेहेचाळीस अंश. आत कूलर, त्यांचाच,
गेल्या वर्षीचा, खडखडणारा.
पंख्याच्या शेवटच्या चार चौकटी घेतल्या,
पाण्याच्या पहिल्या चार त्यांच्यावर पसरल्या,
वरच्या थराची ओपॅसिटी वीस, चाळीस, साठ, ऐंशी.
ऐकायला सोपं आहे.
पण पंख्याचा उजेड पिवळा, बल्बखालचा,
पाणी भर दुपारचं, पांढरंफटक;
नुसतं विरघळवलं तर मधे सगळं गढूळ होतं.
आधी उजेड सारखा करावा लागतो, मग वेग.
पाती गोल फिरतात, पाणी सरळ खाली,
डोळ्याला मधे कुठंतरी वळायला जागा ठेवावी लागते.

बाबा हे हातानं करायचे.
तांडापेठेत, मागावर, जुना ताणा संपत आला की
त्याच्या टोकाला नव्याचं टोक,
राखेत बोट बुडवून, एक पीळ.
मग पुढचा धागा. बाराशे. कधी दोन हजार.
गाठ नाही मारायची, गाठ फणीत अडकते.
बोटं लहान म्हणून मलाही बसवायचे.
सांधलेलं वीतभर कापड विकत नसत,
ते कापून ठेवायचे, आई त्याची फडकी करायची.
आमच्या घरात फडकी फार होती.
माग भंगारात गेला तेव्हा मी दहावीत होते.

निनावे सहाला आले. चालवून दाखवलं.
झटका नव्हता.
"आता कसं," म्हणाले, "लोण्यावानी."
राहिला होता शेवट पुन्हा सुरुवातीला जोडणं,
मुलीच्या केसांतून पंख्याच्या पात्यांत शिरणं.
तो सांध मी एकेक चौकट सरकवत दाखवत होते
आणि तेराव्या चौकटीवर ते म्हणाले, थांबा.

तिथं थोडे केस होते, थोडी पाती.
गालातून जाळी दिसत होती.
दोनशे छप्पन रंगांत न मावलेला उजेड
कपाळावर ठिपके ठिपके होऊन बसला होता.
"हे दिसन का लोकाईले?"
सेकंदाचा दहावा भाग, मी म्हटलं.
दिसू नये म्हणूनच करतात.

ते बघत राहिले. कूलरची मोटर एकदा अडखळली,
त्यांच्या कंपनीची, तरी त्यांनी मान वळवली नाही.
रायपूरला असते, म्हणाले. तिसरं वर्ष.
हे मागच्या खेपेचं. दोन दिवस होती.
मग म्हणाले, थोडं हळू होते का?
एवढंच. इथंच.
होतं. आणखी सहा चौकटी टाकाव्या लागतील.
पण फाइल जड होईल, लोक उघडायच्या आधीच पुढे जातील.
"जाऊ द्या."

पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या केल्या.
मुलगी आता जायला बराच वेळ घेते.
पैसे त्यांनी ठरल्याएवढेच दिले,
वीस रुपये सुट्टे नाहीत म्हणून राहिले.

शटर ओढायच्या आधी स्क्रीन पुसली,
आईच्या त्या फडक्यांतल्या शेवटच्या एका फडक्यानं.
उजेडाला धरून पाहिलं.
तीस वर्षं धुवून धुवून
सांध कुठला आणि कापड कुठलं
आता मलाही सांगता येत नाही.