वहिवाट

आल्तिनोच्या उतारावरून ट्रक निघाला,
ताडपत्रीखाली निकालांचे गठ्ठे,
मांडवी ओलांडून पर्वरीला, नव्या इमारतीत.
मी पायऱ्यांवर बसून पाहिलं. कोणी बोलावलं नव्हतं.
एकतीस वर्षं या कोर्टात तर्जुमा केला,
पेन्शन खाणारा दुभाषी, एवढीच ओळख.

त्या गठ्ठ्यांत कुठेतरी रेलासांवचे न्यायाधीश आहेत.
लिस्बनहून जहाजाने यायचे,
काळा झगा, अंगात हिवताप,
मोझांबिकचं, मकावचं, तिमोरचं भांडण
या नदीकाठी बसून मिटवायचे.
केप्याचा रस्ता कोणाला माहीत नव्हता.
सही मात्र अशी, की पानावर वेल चढावी.
त्यांच्यामागून न्यायिक आयुक्त आले, मग मुंबईचं खंडपीठ.
भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या,
खिळे तेच राहिले.

शेवंती वेळीपचा खटला या सगळ्यांच्या हातांतून गेला.
एक वाट: घरापासून झरीपर्यंत,
भाटकाराच्या कुळागरातून,
एकशे बारा पावलं.
सासऱ्याने त्रेपन्न साली अर्ज केला,
त्याला न येणाऱ्या भाषेत.
खाली अंगठा.

त्या अर्जात शब्द होता: सेर्व्हिदांव.
कायद्यात त्याचा अर्थ, दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क.
पण शब्द उलटा धरून झटकला
तर आतून दास्य पडतं.
मी पेन्सिलीने दोन्ही लिहिले, एकाखाली एक,
वहिवाट,
दास्य.
मग खालचा खोडला.
पगार वरच्याचा होता.

अपिलात साक्ष नसते. तरी त्या दिवशी न्यायमूर्तींनी
पेन खाली ठेवलं, मागच्या बाकाकडे पाहिलं,
आपल्या मुंबईच्या मराठीत विचारलं,
बाई, या वाटेनं कधीपासून जाता?
ती उभी राहिली. पदर सारखा केला.
"झर आसा तेन्नासावन."
वकील हसले. न्यायमूर्ती हसले नाहीत,
माझ्याकडे वळले.
मी म्हणालो, अनादि काळापासून, मायलॉर्ड.
खोटं नव्हतं.
पण तिच्या वाक्यात पाणी होतं.

भाटकार दिल्लीला गेला.
सर्वोच्च न्यायालयातून सात वर्षांनी एक पान आलं,
त्यावर अडीच ओळी:
हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही.
ज्यांनी सरकारं तोलायची, फाशी तोलायची,
त्यांच्या मेजावर ती एकशे बारा पावलं
किती वेळ थांबली असतील?
चार मिनिटं?
चार म्हणजेही पुष्कळ.

केप्याच्या बसस्टँडवर मी शेवंतीला ते वाचून दाखवलं.
सगळ्यांत मोठे काय म्हणतात, तिने विचारलं.
वाट तुमची, म्हणालो.
"ती आशिल्लीच,"
मग इतकी वर्षं ते काय शोधत होते?
चष्मा पुसला मी. बस आली.
जाताना तिने कागदात बांधून सोलं दिली,
ती घ्यावीत की नाही, याचा नियम आठवेना.
घेतली.

ट्रक आता पुलावर असेल.
त्यात माझा तो कागद आहे, पिवळा, कडा खाल्लेल्या.
कधी कोणी काढलाच बाहेर,
आणि पेन्सिल आडवी धरून
हलक्या हाताने फिरवली त्याच्यावर,
तर खोडलेला शब्द
पांढरा उमटेल.